आभारप्रदर्शन आणि जेवण यांच्या मधली दहा मिनिटं

धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीत मेळावा कुठलाही असो, शेतीचा, बचत गटांचा, आरोग्याचा नाहीतर आपत्ती व्यवस्थापनाचा, आभारप्रदर्शन आणि जेवण यांच्यामध्ये दहा मिनिटांची एक फट असतेच. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानून झालेले असतात, मंडपामागून मसालेभाताचा वास यायला लागलेला असतो, मागच्या रांगेनं चपला शोधायला सुरुवात केलेली असते. नेमक्या त्याच वेळी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण कागदांचा गठ्ठा घेऊन रांगांत शिरतो आणि ओरडतो, "कुणी उठू नका, फक्त एक फॉर्म आहे!"

हा फक्त एक फॉर्म दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. पहिला प्रश्न : 'कार्यक्रमाची उद्दिष्टे आपल्या मते कितपत साध्य झाली?' उद्दिष्टं काय होती ते फॉर्म छापणाऱ्याला ठाऊक. दुसरा प्रश्न : 'साधनव्यक्तींचे विषयज्ञान कसे वाटले?' साधनव्यक्ती म्हणजे सकाळपासून बोलत होते तेच साहेब, हे शेजाऱ्याला विचारल्यावर कळतं. पुढे कुठेतरी 'भोजनाचा दर्जा' असतो. भोजन अजून कुणी पाहिलेलं नसतं. तरी त्यावर सगळे मनापासून 'उत्तम' लिहितात, कारण त्या क्षणी त्यांची खरीच तशी इच्छा असते.

पेन तीस माणसांत एक. ते ज्याच्या हातात पहिल्यांदा पडतं तो त्या रांगेचा पुढारी. तो झाडून सगळ्या प्रश्नांना 'उत्तम'वर खुणा करतो, कारण तो रकाना कडेला असतो आणि हाताला जवळ पडतो. शेजारचा त्याचं बघून करतो, तिसरा दुसऱ्याचं बघून. पेन रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत मत इतकं पक्कं झालेलं असतं की शेवटचा माणूस कार्यक्रमाला सकाळपासून होता की जेवायला आला, यानं काही फरक पडत नाही. ज्यांचा चष्मा 'घरी राहिलेला' असतो त्यांचे फॉर्म एखादा दहावीतला भाचा भरून देतो. एकाच हस्ताक्षरात अकरा शेतकऱ्यांचं समाधान.

एका आबांचा फॉर्म असाच चालला होता. आबांनी मान वाकडी करून विचारलं, "काय लिहूलालास रे?"

"तुम्हाला कार्यक्रम कसा वाटला ते, आबा."

"मला वाटलेलं तू लिहूलालास व्हय?"

पोरगा म्हणाला, "मग सांगा, कसा वाटला?" आबांनी एकदा त्या ओळखपत्रवाल्याकडे बघितलं, एकदा स्टेजवरच्या पाहुण्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "हाय तेच राहू दे."

आता आबांचं काय चुकलं? विचारणारा आयोजकांचा माणूस, पाहुणे लांबून आलेले, पंगत बसायची बाकी. पाहुण्याच्या तोंडावर नाव ठेवायची आपल्याकडे रीत नाही. पाहुणा फाट्यावर पोचला की मग ठेवायची.

या फॉर्मातले पाच रकाने आले कुठून, तर अमेरिकेतून. रेन्सिस लिकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली : पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. त्याच्या देशात माणसं समोरच्याला 'पूर्ण असहमत' म्हणून पुन्हा त्याच्याबरोबर चहा पीत असावीत. आमच्याकडे 'पूर्ण असहमत' म्हणणं म्हणजे दोन पिढ्यांचं वैर. त्यामुळे माकणीत या मोजपट्टीच्या तीनच पायऱ्या वापरात आहेत. 'लै भारी' म्हणजे बरा झाला. 'बरा झाला' म्हणजे वेळ गेला. आणि काहीच न बोलता टोपी सारखी करत उठणं म्हणजे पुन्हा बोलावू नका. ही तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला अजून कुणी रकाना छापलेला नाही.

बरं, माणसांनी अगदी मोकळेपणानं खुणा केल्या तरी त्यातून काय कळतं, याचा एक मोठा गमतीदार पुरावा अमेरिकेतच आहे. १९७० साली तिथल्या काही संशोधकांनी 'डॉक्टर मायरन फॉक्स' या नावानं एक वक्ता मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षकांच्या परिषदेत उभा केला. विषय जड : गणिती खेळ-सिद्धांत आणि डॉक्टरांचं शिक्षण. वक्ता मुळात नट. त्याला त्या विषयातलं ओ का ठो कळत नव्हतं. गोडगोड, हसतखेळत, एकमेकांना छेद देणारी, काहीही अर्थ नसलेली वाक्यं बोलायची, एवढंच त्याला शिकवलं होतं. व्याख्यानानंतर अभिप्रायाचे फॉर्म वाटले. बहुतेक सगळ्यांना व्याख्यान विचार करायला लावणारं वाटलं. एकानं तर डॉक्टर फॉक्स यांचं लेखन आपण आधी वाचलं असल्याचंही लिहून टाकलं. १९७३ साली हा सगळा प्रकार रीतसर प्रसिद्ध झाला आणि शिक्षणक्षेत्रात मोठी खळबळ उडाली. आमच्याकडे उडाली नसती. डॉक्टर फॉक्स आम्ही दर निवडणुकीला ऐकतो, फक्त तिथे नंतर फॉर्म देत नाहीत, शाई लावतात.

पण या फॉर्मात एक जागा अशी असते जिथे माणूस खरं लिहितो. शेवटी, 'इतर सूचना' या शब्दांपुढे दोन टिंबटिंबाच्या ओळी असतात ती. तिथे लोक मन मोकळं करतात. 'शिवारातली डीपी जळून महिना झाला.' 'पांदण रस्ता करावा.' 'विमा मिळाला नाही.' 'पाणी.' शेवटच्या शब्दापुढे क्रियापद नसतं आणि लागतही नाही. तेरणेवरचं निम्न तेरणा धरण माकणीलाच आहे. तिथून पाणी उचलून दुसऱ्या गावांच्या योजना चालतात. अशा गावात सभेला आलेल्या माणसाला 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण शाळेत शिकवावी लागत नाही.

शहरातून आलेल्या संयोजकांना हे वाचून हसू येतं. विषय सोयाबीन बीजप्रक्रियेचा, सूचना विजेच्या डीपीची! मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सरकारी माणसानं हातात कागद आणि पेन दिल्यावर जो डीपीबद्दल लिहीत नाही त्याचंच डोकं तपासायला हवं. अशी संधी वर्षातून कितीदा येते? आपण त्या कागदाला फॉर्म समजतो, शेतकरी त्याला अर्ज समजतो, आणि दोघांत व्यवहार त्याला जास्त कळतो.

पुढे या कागदांचं काय होतं? ते खताच्या रिकाम्या पिशवीतून एका टेबलावर जातात. टेबलावर एक डेटा एंट्री करणारी मुलगी असते. तिला संध्याकाळपर्यंत दोनशे फॉर्म एक्सेलमध्ये चढवायचे असतात. इथून पुढे जे घडतं त्याला तिचा इलाज नसतो. जिल्ह्याच्या यादीत 'उस्मानाबाद' असतं. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा कुणीतरी यादीत 'धाराशिव' घातलं, पण 'उस्मानाबाद' काढायचं राहिलं. आता एकाच रांगेत मांडीला मांडी लावून बसलेले दोन सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांतून आलेले दिसतात आणि अहवालात 'शेजारच्या जिल्ह्यांतूनही उत्स्फूर्त प्रतिसाद' असं वाक्य तयार होतं. तालुका लोहारा. यादीत त्याच्या वरच लोहा असतं. बोट जरा घसरलं की माकणीचा शेतकरी नांदेड जिल्ह्यात. ईमेलचा रकाना सक्तीचा आणि गावात ईमेल फारसं कुणी वापरत नाही, म्हणून दोनशे शेतकऱ्यांचा ईमेल एकच असतो, त्या मुलीचा. तिला पुढे वर्षभर ठिबक सिंचनाच्या जाहिराती येत राहतात. फोन नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा. कुणी पडताळणीला फोन केला, की तो मुलगा शिफ्टमध्ये मशीनपुढे उभा राहून "हो, कार्यक्रम उत्तम झाला" असं सांगून मोकळा होतो.

वयाचा रकाना वेगळाच. आमच्या भागातल्या जुन्या माणसाला वय विचारलं तर आकडा येत नाही. "भूकंपाच्या टायमाला थोरला चौथीला होता" असं उत्तर येतं. मग ती मुलगी त्यातून थोरल्याचं वय, त्यात आईचं लग्नाचं वय, असं गणित मांडत बसते. आणि 'इतर सूचना'? त्या मराठीत टाईप करायला वेळ लागतो. ती 'डीपी'चा फॉर्म हातात घेते, क्षणभर विचार करते आणि रकान्यात लिहिते : 'निरंक'.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर या पट्ट्यात जेवढी मदत आली जवळजवळ तेवढेच फॉर्म आले. सरकार आलं, संस्था आल्या, विद्यापीठं आली, परदेशी पत्रकार आले. प्रत्येकाकडे पाटी आणि प्रत्येक पाटीला कागद. एकाच आजीला एकाच आठवड्यात वेगवेगळ्या पाहुण्यांनी विचारलं असेल, की तुम्हाला सध्या कशाची गरज वाटते? त्या दिवसांत इथल्या माणसांनी एक विद्या हस्तगत केली. समोरच्याच्या गाडीवरचं नाव वाचायचं, त्यावरून तो काय देऊ शकतो ते ओळखायचं आणि तेवढीच गरज सांगायची. घोंगडी देणाऱ्याला थंडी सांगायची, विहीर देणाऱ्याला तहान. याला कुणी लबाडी म्हणेल, मी म्हणणार नाही. ज्याच्या घराचं जोतं उरलं नव्हतं त्यानं दुसरं काय करायचं होतं?

बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नवी गावं आखीवरेखीव, गल्ल्या सरळ, घरं एकसारखी. राहायला गेलेल्यांना घर कसं वाटलं, हे विचारणारे फॉर्मही आले असणार आणि त्यांवर 'समाधानकारक' असंच लिहिलं गेलं असणार. पण खरा अभिप्राय ज्याला वाचायचा असेल त्यानं ती घरं पुढे कशी बदलली ते बघावं. घराला चिकटून पत्र्याचं शेड आलं, कारण चूल बाहेर हवी होती. पुढे भिंत आली, कारण अंगणात बसलेलं रस्त्यावरून दिसत होतं. मागे गोठा आला, कारण वास्तुविशारदाच्या नकाशात म्हैस नव्हती. हा अभिप्राय स्वतःच्या पैशानं, विटापत्र्यांत लिहिलेला आहे आणि त्यात 'सांगता येत नाही' असा रकाना नाही.

त्याच काळात एक शहाणपणाची गोष्टही झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या पुनर्वसनात घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा भाग मोठा होता. त्यात लोकांचा सहभाग बघायचं काम 'स्वयम शिक्षण प्रयोग' या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेकडे आलं. त्यांनी बाहेरून सर्वेक्षक आणले नाहीत. हजाराहून जास्त गावांत तिथल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. कुणाचा हप्ता अडला, कुणाला अभियंत्याचं बोलणं कळलं नाही, कुणाच्या भिंतीत सळईच घातली नाही, हे गावातल्या बाईला फॉर्म न भरता ठाऊक असतं. तिनं विचारलं की उत्तर वेगळं येतं, कारण 'उत्तम' म्हणणाऱ्याची भिंत तिच्या दारातून दिसते.

एवढी जुनी उदाहरणं तरी कशाला? कायद्यानं आपल्याला ग्रामसभा दिलेली आहेच. वर्षातून किमान चार, त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो आकडा. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे लोक आले नाहीत तर कमी लोकांत काम भागतं, इतकी दूरदृष्टी कायद्यात आहे. सही मात्र लागते, म्हणून काही गावांत सभा चावडीत होते आणि सह्यांचं रजिस्टर नंतर शिपायाच्या सायकलवरून दारोदार फिरतं. दारातल्या माणसाला सही करताना कळतं की काल आपण एकमतानं काय मंजूर केलं.

आता नवीन आलं आहे क्यूआर कोड. कागद वाचतो, पेन लागत नाही, नोंद थेट. स्टेजमागच्या बॅनरवर, प्रमुख पाहुण्यांच्या फोटोशेजारी तो चौकोन छापतात. त्याच्यासमोर प्रमुख पाहुणे स्वतः बसतात. ते उठल्यावर लोक फोन काढतात, कोडचा फोटो घेतात आणि स्टेटसला ठेवतात. स्कॅन करणारेही असतात. त्यांच्या फोनवर एक गोल फिरत राहतो, कारण मंडपात रेंज नसते, रेंज धरणाच्या भिंतीवर असते. संयोजकांचा आलेख मात्र सुंदर येतो, कारण तो दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या वायफायवर भरलेला असतो.

ऑनलाइन फॉर्मला एक जालीम खतही घालतात : प्रमाणपत्र. २०२०च्या टाळेबंदीत वेबिनारांचा पाऊस पडला तेव्हा अभिप्राय भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र मिळत नसे. मग झालं असं, की अभिप्रायाची लिंक व्याख्यानाच्या आधी गटावर यायची, सोबत 'सर्वांनी पाच तारे द्यावेत, विनंती'. दहा वाजता सुरू होणाऱ्या व्याख्यानाचं कौतुक पावणेदहाला पूर्ण होऊन, प्रमाणपत्र छापून भिंतीवर लागलेलं असायचं. डॉक्टर फॉक्सना निदान बोलावं तरी लागलं होतं.

आणि या सगळ्याच्या बाहेर, फाट्यावरच्या हॉटेलात, त्याच मेळाव्याचा अभिप्राय रोज फुकट मिळत असतो. कटिंगचा पहिला घोट पोटात गेला की सुरू होतं.

"अडीच तास बोलला. बियाण्याला औषध चोळायला दहा मिनिटं लागतात."

"त्ये रुंद वरंब्यावर पेरायचं बीबीएफ चांगलं हाय ओ. पर आपल्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर टॅक्टर घालायचं कुटून?"

"आन् बायकांला बसवलं पार मागं. आमची म्हणली, निस्तं साहेबाचं डोस्कं दिसलं, हातात काय धरलंय ते न्हाई दिसलं."

तीन वाक्यांत वेळेचं नियोजन, तंत्रज्ञानाची उपयुक्तता आणि बैठक व्यवस्था. बावीस प्रश्नांचा फॉर्म जे विचारायला गेला होता ते सगळं इथे आलं. फक्त एक्सेलमध्ये हॉटेलसाठी रकाना नाही.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या गृहस्थांनी १९५९ साली प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या सांगितल्या. आवडलं का, समजलं का, घरी गेल्यावर तसं केलं का, आणि त्यानं फरक पडला का. जग बहुतेक पहिल्याच पातळीवर बसून राहिलं, कारण ती जेवणाआधी उरकते. पण आमच्या शेतकऱ्याला चौथ्या पातळीपर्यंत थांबायची सवय आहे. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी तो त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, काही दिवस थांबतो आणि मग मोड आलेले मोजतो. सत्तरच्या खाली आले तर बियाणं बाजूला. दाणे गुंडाळल्या गुंडाळल्या त्यांना 'उगवण कशी वाटते?' असा फॉर्म तो देत नाही. मेळाव्याचा अभिप्राय तसाच आठ-पंधरा दिवसांनी घ्यावा, एवढंच माझं म्हणणं. प्रश्न दोन पुरेत : काय केलंत, आणि का नाही केलंत. विचारणारा आयोजकांचा नसावा, गावातला असावा, बायकांना बाईनं विचारावं. आणि उत्तर सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावं. 'टॅक्टर घालायचं कुटून' याचं 'यांत्रिकीकरणातील अडचणी' करू नये, कारण पहिल्याला उत्तर देता येतं, दुसऱ्याचा फक्त अहवाल होतो.

ज्यांना आकडेच हवेत त्यांच्यासाठीही सोय आहे. इंडोनेशियात १९८९ साली शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांच्या मूळ पद्धतीत परीक्षेचा कागद नसतो. शेतात खरं पान, खरी कीड टांगलेली असते, शेजारी उत्तरांच्या पेट्या, आणि शेतकरी फिरत फिरत चिठ्ठी टाकतो. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. मधल्या काळात काय शिकला ते त्यातून कळतं. गावपाहणीच्या पद्धतीतही धान्याचे दाणे नाहीतर चिंचोके वापरून लोकांकडून क्रम लावून घेतात. लिहिता न येणाऱ्याचा चिंचोका आणि मास्तरांचा चिंचोका सारख्याच वजनाचा.

हे एका संयोजकाला सांगितलं तर तो उत्साहानं दोन मडकी घेऊन आला. एक 'उपयोग झाला'चं, दुसरं 'नाही झाला'चं. मडकी मांडल्याबरोबर पहिल्या रांगेतून चौकशी झाली, "आकडा कितीला लागणार हाय?" मटक्याचा गैरसमज दूर करेपर्यंत दुसऱ्या रांगेनं ताडलं, की हे सोसायटीच्या निवडणुकीचं आहे. "आपल्या पॅनेलचं मडकं कुठलं?" एकानं मडक्याजवळ आपला माणूस बसवावा अशी मागणी केली, दुसऱ्यानं चिंचोके कुणी मोजायचे यावर हरकत घेतली, आणि मोजणीआधीच एका गटानं निकाल अमान्य केला. पोरांनी मध्येच खेळायला चिंचोके पळवले, ते वेगळंच. तरीही त्या गोंधळात एक झालं. मागच्या बाजूला बसलेल्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि पहिल्यांदाच कुणाचं बघून न करता आपापला चिंचोका टाकून गेल्या. दुसरं मडकं बऱ्यापैकी जड झालं. संयोजकाला वाईट वाटलं. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला तो पहिला खरा अहवाल होता.

आता एकच गोष्ट करायची राहते आणि ती कुणीच करत नाही. मागच्या मेळाव्यात लोकांनी काय सांगितलं ते पुढच्या मेळाव्याच्या सुरुवातीला वाचून दाखवायचं, आणि त्यातलं आपण काय केलं, काय नाही, तेही. एवढं एकदा झालं तर लोक आपणहून सांगायला लागतील. मला धास्ती आहे ती वेगळीच. सूत्रसंचालक पहिलाच मुद्दा वाचेल : 'भाषणे फार लांबली.' त्यावर मागच्या वेळचे तेच साहेब, या वेळीही प्रमुख पाहुणे म्हणून आलेले, हसत उठतील, खुलासा करतो म्हणून माइक हातात घेतील आणि पाऊण तासानं चिठ्ठी गेल्यावर 'शेवटचा एकच मुद्दा' म्हणून दुसरा मुद्दा सुरू करतील.